तक्रार कोणाच्या दारी न्यावी?

आयर्लंडच्या दक्षिणेस कॉर्क परगण्यात डंडरो नावाचे एक लहानसे गाव आहे. सन १९७१ मध्ये तेथील प्राथमिक शाळेतील एका पालकाने शाळेच्या व्यवस्थापकांकडे जाऊन गंभीर तक्रार केली. शाळेचा मुख्याध्यापक आपल्या पाल्यावर लैंगिक अत्याचार करीत आहे, असे त्या पालकाने सांगितले. व्यवस्थापक हे धर्मगुरू होते. त्यांनी तक्रार ऐकली, परंतु ती पोलिसांना कळविली नाही. ती शिक्षण खात्यासही कळविली गेली नाही. मुख्याध्यापक आपल्या पदावर तसाच राहिला.

पुढे १९७३ मध्ये याच मुख्याध्यापकाने लुईस ओ'कीफ नावाच्या आठ-नऊ वर्षांच्या विद्यार्थिनीवर संगीताच्या तासाला वारंवार अत्याचार केले. त्याच वर्षी अन्य पालकांनीही तक्रारी केल्या. पालकांची सभा झाली. मुख्याध्यापक आजारपणाची रजा घेऊन गेला आणि नंतर त्याने राजीनामा दिला. शिक्षण खात्याला राजीनाम्याची वार्ता मिळाली, परंतु राजीनाम्याचे कारण मिळाले नाही. तो दुसऱ्या एका शाळेत रुजू झाला आणि १९९५ मध्ये निवृत्त होईपर्यंत मुलांना शिकवीत राहिला. अखेरीस एका माजी विद्यार्थिनीच्या तक्रारीवरून पोलीस तपास झाला. त्याच्यावर ३८६ आरोप ठेवण्यात आले. त्यांपैकी नमुन्यादाखल निवडलेल्या २१ आरोपांत त्याने १९९८ मध्ये गुन्हा कबूल केला.

प्रिय वाचक, आपल्या ख्रिस्ती समाजाने या देशात गावोगावी शाळा आणि वसतिगृहे उभारली आहेत. आपल्यापैकी कित्येक जण तेथे शिकले, कित्येक तेथे शिक्षक आहेत, कित्येक व्यवस्थापक मंडळावर आहेत, आणि आपली मुले-नातवंडे आजही तेथे जातात. म्हणून एक प्रश्न आपण स्वतःला विचारणे अगत्याचे आहे: शिक्षकाविरुद्ध मुलाची तक्रार आली, तर ती कोणाच्या दारी न्यावी? या प्रश्नाच्या उत्तरावर मुलांची सुरक्षितता फार मोठ्या प्रमाणात अवलंबून असते.

नियम पाळूनही मूल असुरक्षित

डंडरो येथे त्या पालकाने चुकीचे काय केले? काहीच नाही. आयर्लंडच्या शिक्षण खात्याने १९७० मध्ये दिलेल्या सूचनेनुसार शिक्षकाविरुद्धची तक्रार प्रथम शाळेच्या व्यवस्थापकाकडेच नेण्याची रीत होती. पालकाने ती रीत पाळली. दोष असा होता की, तक्रारीची वाट त्याच दारापाशी संपत होती. आत गेलेला शब्द बाहेर नेण्याची सक्ती कोणावरही नव्हती.

त्या शाळांची रचनाही लक्षात घेण्यासारखी आहे. शिक्षकांचे वेतन सरकार देई, अभ्यासक्रम सरकार ठरवी, परंतु शाळेची मालकी आणि कारभार चर्चकडे असे. आपल्याकडील अनुदानित शाळांची रचना पुष्कळशी अशीच आहे. लुईस ओ'कीफ यांनी प्रौढपणी सरकारविरुद्ध दावा लावला, तेव्हा सरकारने म्हटले की शाळा चालविणारे आम्ही नव्हे. आयर्लंडच्या सर्वोच्च न्यायालयाने २००८ मध्ये हे म्हणणे मान्य केले. लुईस मात्र थांबल्या नाहीत. दिनांक २८ जानेवारी २०१४ रोजी युरोपीय मानवाधिकार न्यायालयाने ११ विरुद्ध ६ मतांनी त्यांच्या बाजूने निर्णय दिला. मुलांचे रक्षण करणे हे सरकारचे मूळ कर्तव्य आहे, शाळा दुसऱ्याच्या हाती सोपवून ते कर्तव्य टाळता येत नाही, आणि तक्रारी थेट सरकारी यंत्रणेपर्यंत पोहोचतील अशी व्यवस्था त्या काळी नव्हती, असा त्या निर्णयाचा आशय होता.

याचा अर्थ नीट समजून घ्या. सरकारने चर्चकडे बोट दाखविले, चर्चच्या व्यवस्थापकाने मौन धरले, आणि या दोहोंच्या मधल्या फटीत मुले सापडली. ही गोष्ट एकाच शाळेपुरती नव्हती. आयर्लंडमध्ये धार्मिक संघांनी चालविलेल्या शाळांविषयीचा प्राथमिक चौकशी अहवाल सप्टेंबर २०२४ मध्ये प्रसिद्ध झाला. त्या संघांच्या स्वतःच्या नोंदींतूनच ३०८ शाळांतील २,३९५ आरोप आणि ८८४ आरोपित व्यक्ती पुढे आल्या. नोंदी होत्या, म्हणजे कोणीतरी कधीतरी सांगितले होते.

संस्था मौन का धरते?

मौन धरणारे सर्वच लोक दुष्ट असतात असे समजणे चूक ठरेल. बहुधा ते सभ्य व प्रार्थनाशील असतात, आणि संस्थेसाठी आयुष्य वेचलेले असतात. मग त्यांच्याकडून असे का घडते? सामान्यतः पुढील विचार त्यांच्या मनात येतात.

“हे शिक्षक असे करणे शक्यच नाही.” शिक्षक वीस वर्षे सेवेत आहेत, उत्तम शिकवितात, उपासनेत पुढे असतात. परंतु मुलांवर अत्याचार करणारी व्यक्ती बहुधा लोकांचा विश्वास संपादन करूनच मुलांपर्यंत पोहोचते. चांगला लौकिक हा तिच्या निर्दोषपणाचा पुरावा होऊ शकत नाही.

“संस्थेची बदनामी होईल.” पटसंख्या घटेल, विरोधकांना आयते निमित्त मिळेल, अल्पसंख्याकांची शाळा म्हणून अधिकच टीका होईल, ही भीती खरी आहे. तथापि, दडविलेली गोष्ट वीस-तीस वर्षांनी उघड झाली म्हणजे बदनामी कमी होत नाही. उलट, एका माणसाच्या गुन्ह्यात तेव्हा सारी संस्था सहभागी ठरते.

“आधी आपण आतल्या आत चौकशी करू.” हा विचार सर्वांत सुज्ञ वाटतो आणि म्हणूनच सर्वांत धोक्याचा आहे. मुख्याध्यापक, दोन वरिष्ठ शिक्षक व एक विश्वस्त मुलाला समोर बसवून प्रश्न विचारतात. मूल घाबरते, शब्द बदलते, आणि “विसंगती आढळली” म्हणून प्रकरण मिटते. ज्या संस्थेचे हित गुंतलेले आहे तीच येथे न्यायाधीश झालेली असते.

“त्यांनी राजीनामा दिला, आता प्रश्न संपला.” शिक्षक अनुभवाचा दाखला घेऊन दुसऱ्या जिल्ह्यात जातो. आपल्या शाळेपुरता प्रश्न संपतो, परंतु पुढील शाळेतील मुलांसाठी तो तेथे सुरू होतो. अमेरिकेत ही रीत इतकी पसरली होती की, असा आरोप ठाऊक असताना शिक्षकाला दुसरीकडे नोकरी मिळवून देण्यास साहाय्य करू नये, अशी तरतूद तेथील शालेय शिक्षणाच्या केंद्रीय कायद्यात २०१५ मध्ये करावी लागली.

शास्त्रवचनांचा आडोसा

ख्रिस्ती संस्थांत आणखी एक कारण पुढे केले जाते, म्हणून त्याचा विचार येथे केला पाहिजे. मत्तय १८:१५-१७ या वचनांचा आधार घेऊन म्हटले जाते की, बंधूचा अपराध प्रथम एकांतात त्याला दाखवावा, बाहेर नेऊ नये. परंतु हा अध्याय कोठून सुरू होतो ते पाहा. प्रभू एका लहान मुलाला जवळ बोलावून शिष्यांच्या मध्ये उभे करतो. लहानांपैकी एकालाही अडखळविणाऱ्याविषयी तो जे बोलतो, त्याहून कठोर शब्द शुभवर्तमानांत क्वचितच आढळतात (वचन ६). त्यानंतर तो एका हरवलेल्या मेंढराचा दाखला देतो. बंधूच्या अपराधाविषयीची वचने येतात ती यानंतर, आणि ती परस्परांतील तंट्याविषयी आहेत. ज्या अध्यायात मूल मध्यभागी उभे आहे, त्याच अध्यायातून त्या मुलाला गप्प बसविण्याची आज्ञा काढणे हा वचनांचा विपर्यास आहे. गुन्ह्याचा न्याय करण्यासाठी अधिकारी नेमलेले आहेत, हे रोमकरांस पत्राच्या तेराव्या अध्यायात प्रेषिताने स्पष्ट केले आहे.

आता एली याजकाकडे वळा. शिलो येथील पवित्रस्थानात त्याचे पुत्र सेवेसाठी येणाऱ्या स्त्रियांशी कुकर्म करीत होते, आणि ही गोष्ट एलीच्या कानी लोकांकडून आली (१ शमुवेल २:२२-२५). एलीने ती नाकारली नाही. त्याने पुत्रांना बोलावून त्यांची कानउघाडणीही केली. परंतु त्याने त्यांना पदावरून दूर केले नाही. पुढे त्याच्यावर जो दोष आला तो ऐकले नाही म्हणून नव्हे, तर ठाऊक असूनही त्याने त्यांना आवरले नाही म्हणून (१ शमुवेल ३:१३). शिलोमधील पीडितांना एलीच्या उपदेशाने काय मिळाले? दुसऱ्या दिवशीही तेच याजक तेथेच उभे होते.

या वृत्तांतात आणखी एक धडा आहे. शमुवेल तेव्हा बालक होता आणि ऐकलेले एलीला सांगण्यास तो भ्याला. मूल वडीलधाऱ्यांविषयी अप्रिय गोष्ट सहसा बोलत नाही. ऑस्ट्रेलियातील शाही आयोगाने २०१३ ते २०१७ या काळात शाळा, चर्च, अनाथाश्रम इत्यादी संस्थांतील बाल लैंगिक अत्याचारांची चौकशी केली. आयोगापुढे आलेल्या व्यक्तींना आपल्यावरील अत्याचार प्रथम कोणाला सांगण्यास सरासरी सुमारे २४ वर्षे लागली होती. म्हणून एखादे मूल शाळेत असतानाच बोलते, तेव्हा ते फार मोठे धैर्य करीत असते. एलीने निदान इतके योग्य केले की, काही लपवू नकोस असे त्याने बालकाला सांगितले आणि त्याचे बोलणे ऐकून घेतले.

आपल्या देशाचा कायदा काय म्हणतो?

भारतात दिनांक १४ नोव्हेंबर २०१२ पासून लैंगिक अपराधांपासून बालकांचे संरक्षण करणारा कायदा लागू आहे. पॉक्सो या नावाने तो ओळखला जातो. १८ वर्षांखालील प्रत्येक मुला-मुलीला तो लागू होतो. शैक्षणिक संस्थेच्या कर्मचाऱ्याने तेथील बालकावर केलेला अत्याचार हा कायदा अधिक गंभीर मानतो आणि त्यास अधिक कडक शिक्षा सांगतो.

आपल्या विषयाच्या दृष्टीने कलम १९ सर्वांत महत्त्वाचे आहे. असा अपराध घडला आहे हे ज्याला ठाऊक आहे, किंवा घडण्याची भीती ज्याला वाटते, त्याने स्थानिक पोलिसांना किंवा विशेष बाल पोलीस पथकाला कळविलेच पाहिजे. येथे व्यवस्थापकाच्या परवानगीची अट नाही. चौकशी पूर्ण होण्याची किंवा पुरावा गोळा करण्याचीही अट नाही. जो न कळवील त्याला कलम २१ अन्वये सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दंड होऊ शकतो. आपल्या हाताखालील माणसाचा अपराध संस्थाप्रमुखाने कळविला नाही, तर कैद एक वर्षापर्यंत असू शकते. उलटपक्षी, सद्भावनेने माहिती देणाऱ्यावर कोणतीही जबाबदारी येत नाही.

न्यायालयांनी हे कर्तव्य हलके मानलेले नाही. चंद्रपूर जिल्ह्यातील राजुरा येथे एका शाळेच्या वसतिगृहातील अल्पवयीन आदिवासी मुलींवरील अत्याचाराचे प्रकरण २०१९ मध्ये उघडकीस आले. मुलींवर उपचार करणाऱ्या एका डॉक्टरांवर माहिती न दिल्याचा आरोप होता. मुंबई उच्च न्यायालयाने त्यांच्याविरुद्धचा खटला रद्द केला होता. दिनांक २ नोव्हेंबर २०२२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने तो निर्णय फिरविला. अपराध ठाऊक असूनही न कळविणे हा गंभीर गुन्हा आहे आणि बहुधा तो अपराध्याला पाठीशी घालण्याचाच प्रयत्न असतो, असे न्यायालयाने म्हटले. ऑगस्ट २०२४ मधील बदलापूरच्या प्रकरणात आरोपी शिक्षक नसून सफाई कर्मचारी होता, तरी तेथेही मुंबई उच्च न्यायालयाने स्वतःहून दखल घेऊन शाळेने पोलिसांना का कळविले नाही, हाच प्रश्न विचारला.

“आपसांत मिटवून टाका”

गावपातळीवर आणखी एक मार्ग सुचविला जातो, तो म्हणजे समेट. मुलीचे पुढे लग्न व्हायचे आहे, शिक्षकाच्या घरी लहान मुले आहेत, असे म्हणून वडीलधारी मंडळी दोन्ही पक्षांना बसवितात. राजस्थानात २०२२ मध्ये असेच घडले. एका विद्यार्थिनीशी शिक्षकाने अश्लील वर्तन केल्याची तक्रार पोलिसांत नोंदविली गेली होती. नंतर तिच्या वडिलांनी शिक्षकाशी तडजोड केली आणि ती मान्य करून तेथील उच्च न्यायालयाने गुन्हा रद्द केला. कुटुंबाबाहेरच्या व्यक्तींनी सर्वोच्च न्यायालयात दाद मागितली. दिनांक ७ नोव्हेंबर २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ती तडजोड ग्राह्य धरण्यास नकार दिला. शाळेत शिक्षकाने बालकाविरुद्ध केलेला असा अपराध दोन घरांतील खासगी बाब मानता येत नाही, कारण त्याचा परिणाम समाजावर होतो, असे न्यायालयाने स्पष्ट केले.

क्षमेविषयी बोलताना आपण हे ध्यानात ठेवावे. क्षमा करणे हा पीडिताचा अधिकार आहे, आणि तो त्याच्या वतीने व्यवस्थापक मंडळाला किंवा पंचांना वापरता येत नाही. शिवाय, क्षमा केली म्हणून अपराध्याला पुन्हा मुलांच्या वर्गावर पाठविणे बंधनकारक होत नाही.

तक्रार आली असता काय करावे?

१. शांतपणे ऐका. मुलाला बोलू द्या. “तू आधी का नाही सांगितलेस?” असे विचारू नका. कोणालाही सांगणार नाही असे वचन देऊ नका, कारण ते आपल्याला पाळता येणार नाही. “तू सांगितलेस ते बरे केलेस, यात तुझा दोष नाही,” इतके म्हणणे पुरेसे आहे.

२. मुलाच्याच शब्दांत लिहून ठेवा. दिनांक व वेळ घाला. आपले तर्क त्यात मिसळू नका. पुनःपुन्हा उलटतपासणी करू नका. ते काम प्रशिक्षित अधिकाऱ्यांचे आहे.

३. त्याच दिवशी पोलिसांना कळवा. अडचण वाटल्यास १०९८ या बालकांसाठीच्या मदत क्रमांकावर दूरध्वनी करा. मुख्याध्यापक टाळाटाळ करीत असतील, तर शिक्षकाने, शिपायाने किंवा पालकाने स्वतः कळवावे. कायद्याने ते कर्तव्य प्रत्येकाचे आहे. मुलाचा जबाब त्याच्या घरी किंवा त्याला सोयीच्या जागी घ्यावा, शक्यतो महिला अधिकाऱ्याने घ्यावा, अधिकारी गणवेशात नसावा, आणि मुलाला रात्री पोलीस ठाण्यात ठेवू नये, असे कायद्यातच सांगितले आहे. पालकांना हे समजावून सांगितल्यास त्यांची पुष्कळ भीती कमी होईल.

४. शिक्षकाला मुलांपासून दूर करा, मुलाला शाळेपासून नव्हे. “काही दिवस मुलीला घरीच ठेवा,” हा सल्ला दयाळू वाटतो, परंतु त्यामुळे शिक्षा तिलाच होते. आरोप असलेल्या व्यक्तीस चौकशी होईपर्यंत वर्ग, वसतिगृह व सहली यांपासून दूर ठेवावे.

५. नाव जपा. मुलाची ओळख उघड होईल असे काहीही सभेत, सूचनाफलकावर किंवा प्रार्थनेच्या विनंतीतसुद्धा बोलू नये. सद्हेतूने केलेली जाहीर प्रार्थनाही मुलाचे नाव गावभर करू शकते.

६. नेमणुकीच्या वेळी दक्ष राहा. सन २०२० च्या नियमांनुसार शाळांनी मुलांशी संबंध येणाऱ्या कर्मचाऱ्यांची वेळोवेळी पोलीस पडताळणी करून घेणे आवश्यक आहे. पूर्वीच्या शाळेला प्रत्यक्ष विचारा. आपल्याकडून कोणी जात असेल, तर त्याच्या दाखल्यात सत्य दडवू नका.

निर्दोष शिक्षकाचे काय?

“उद्या कोणीही कोणावरही आरोप करील,” अशी चिंता प्रामाणिक शिक्षक व्यक्त करतात. तिचा अनादर करू नये. आकसाने खोटी माहिती देणाऱ्या प्रौढ व्यक्तीस याच कायद्यात शिक्षा आहे. वर्गापासून काही काळ दूर ठेवणे म्हणजे दोषी ठरविणे नव्हे, हे व्यवस्थापनाने सर्वांना सांगितले पाहिजे. खरे पाहता, निर्दोष शिक्षकालाही बाहेरच्या, तटस्थ चौकशीचाच आधार असतो. संस्थेने आतल्या आत त्याला निर्दोष ठरविले, तर लोक म्हणतील की आपल्या माणसाला वाचविले, आणि तो संशय त्याला जन्मभर पुरेल. दार बंद करून केलेला न्याय मुलाच्या कामी येत नाही, तसा शिक्षकाच्याही येत नाही.

आपण कोठून आरंभ करावा?

तक्रार येईपर्यंत वाट पाहू नका. पुढील पालक-शिक्षक सभेत किंवा मंडळीच्या बैठकीत हा विषय मांडा. आपल्या घरातील मुलांना सांगा की, शिक्षक असोत, पाळक असोत किंवा नातलग असोत, कोणी नकोसा स्पर्श केला किंवा एखादी गोष्ट गुपित ठेवण्यास सांगितले, तर ती आम्हाला सांगावी, आम्ही रागावणार नाही. आज्ञाधारकपणा शिकविताना हा अपवादही शिकविला पाहिजे. आपल्या पूर्वजांनी शाळा उभारल्या त्या ज्यांचे कोणी ऐकत नव्हते अशा मुलांसाठी. त्यांच्या नावाचा मान राखण्याचा मार्ग एकच आहे, तो म्हणजे आजही त्या मुलांचे ऐकणे आणि ऐकलेले योग्य दारी नेणे.

विचारासाठी प्रश्न

१. डंडरो येथे तक्रारीची वाट कोठे संपली? आपल्या शाळेत ती कोठे संपते?

२. एलीने काय केले, आणि काय केले नाही?

३. पॉक्सो कायद्याच्या कलम १९ नुसार माहिती कळविण्याचे कर्तव्य कोणाचे आहे?

४. आपल्या शाळेत मुलाने तक्रार कोणाकडे करावी हे मुलांना ठाऊक आहे काय? त्या व्यक्तीविरुद्धच तक्रार असल्यास मुलाने कोणाकडे जावे?